जकात : देणे, हिशेब आणि हक्क

'जकात' हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. नाक्यावर खोळंबलेली मालमोटारींची रांग, खिडकीतून पुढे आलेली पावती आणि कारकुनाशी घातलेली हुज्जत असे चित्र या शब्दासरशी वर्षानुवर्षे डोळ्यांपुढे उभे राहत आले. पेशवाईतल्या जकातदारापासून महापालिकेच्या नाकेदारापर्यंत ही परंपरा अखंड चालली होती. नाशिक महापालिकेची जकात २०१३ मध्ये स्थानिक संस्था कराने घेतली आणि मुंबईची २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर गेली. आता नाक्यांची नावे तेवढी उरली आहेत. परंतु ज्या अरबी शब्दावरून हे नाव आले, ती मूळची जकात मात्र ना कोणत्या अधिनियमाने सुरू झाली, ना कोणत्या ठरावाने संपली. रमजानचा महिना लागला की जुन्या नाशिकात आणि मालेगावच्या यंत्रमागांच्या वस्तीत घरोघरी वह्या उघडल्या जातात, सोन्याचांदीचे भाव विचारले जातात आणि वर्षभराच्या शिलकीचा चाळिसावा हिस्सा वेगळा काढला जातो. ही वसुली करणारा नाकेदार कोठेही नाही. तरीही ती होते, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने कुतूहलाचे आहे. आणि ती नीट होते की नाही, हा सामाजिक दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न आहे.

दान नव्हे, देणे

जकात म्हणजे मुसलमानांचा दानधर्म, असे ढोबळ उत्तर सामान्यतः दिले जाते. ते अपुरे आहे. ऐच्छिक दानाला इस्लाममध्ये 'सदका' हा निराळा शब्द आहे. जकात हे श्रद्धा, नमाज, रोजा आणि हज यांच्या जोडीचे पाचवे कर्तव्य होय. दान देणाऱ्याने घेणाऱ्यावर उपकार केलेला असतो. जकातीत तसा उपकार नाही. श्रीमंताच्या संपत्तीत गरिबाचा ठरलेला हक्क आहे आणि तो जोवर काढून दिला जात नाही तोवर उरलेली संपत्ती शुद्ध होत नाही, अशी त्यामागची कल्पना आहे. शब्दाच्या मुळाशीही शुद्धी आणि वाढ हे दोन अर्थ आहेत.

दुसरी गोष्ट ही की, जकात ही मिळकतीवर नव्हे, तर साठलेल्या संपत्तीवर आहे. महिन्याला मोठा पगार घेऊन तो सारा खर्च करणाऱ्यावर ती लागू नाही. तुटपुंज्या पगारातून काटकसरीने शिल्लक टाकणाऱ्यावर मात्र ती लागू होऊ शकते. संपत्ती 'निसाब' या किमान मर्यादेइतकी असावी, निर्वाहाच्या गरजा आणि कर्ज वजा जाता उरलेली असावी आणि तिच्यावर एक चांद्र वर्ष लोटलेले असावे, या तीन अटी पूर्ण झाल्या म्हणजे सोने, चांदी, रोकड आणि व्यापाराचा माल यांवर अडीच टक्के द्यावे लागतात. शेतमालावर वर्षाची अट नाही; तेथे पावसाच्या पाण्यावरील पिकाचा दहावा आणि पाणी देऊन काढलेल्या पिकाचा विसावा हिस्सा सांगितला आहे. निसर्गाने फुकट दिले तेथे अधिक, शेतकऱ्याने खर्च केला तेथे कमी, हे तत्त्व द्राक्षबागांच्या आणि कांद्याच्या या जिल्ह्यात कोणालाही सहज पटेल. अर्थात भाजीपाल्यासारख्या नाशवंत पिकावर हा हिस्सा आहे की नाही, याविषयी खुद्द इमाम अबू हनीफा आणि त्यांचे दोन प्रमुख शिष्य यांच्यात मतभेद आहेत.

चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे असते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ३१ मार्चला हिशेब बंद करण्याची सवय जडलेला कारकून सौर वर्षाने जकात काढू लागला, तर सुमारे बत्तीस वर्षांत एका वर्षाची जकात बुडते. म्हणून अशा हिशेबाला अडीचऐवजी २.५७७ टक्के दर धरावा, असे जाणकार सांगतात.

सोन्याचा निसाब की चांदीचा?

सर्वांत अवघड प्रश्न किमान मर्यादेचा आहे. पैगंबरकाळात ती २० दीनार सोने किंवा २०० दिर्हम चांदी अशी होती. भारतातील हनफी उलेमांनी तिचे साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम सोने आणि साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदी असे रूपांतर केले आहे. दोन्ही मर्यादांचे मोल तेव्हा सारखेच होते. म्हणजे सोने चांदीच्या सातपट महाग होते. पुढे चांदी उतरली. गेल्या दशकात बहुतेक काळ सोन्याचा भाव चांदीच्या साठपटीहून अधिक राहिला. परिणाम असा झाला की, एकाच मोलाच्या दोन मर्यादांमध्ये आता किमान आठपट अंतर पडले आहे.

हिशेबाच्या सोयीसाठी सोने दहा ग्रॅमला १ लाख रुपये आणि चांदी किलोला १ लाख रुपये असे भाव धरू. मग सोन्याचा निसाब ८ लाख ७४ हजार ८०० रुपये होतो आणि चांदीचा अवघा ६१ हजार २३६ रुपये. रोकड कोणत्या मापाने मोजायची? नाशिक रोडच्या मुद्रणालयातून जी नोट छापून बाहेर पडते तिच्यात सोनेही नाही आणि चांदीही नाही. कागदी नोट ही खरी संपत्ती की नुसती संपत्तीची पावती, यावर एके काळी उलेमांत वाद झडले. आता नोट हेच चलन, हे सर्वमान्य आहे. पण मापाचा प्रश्न शिल्लक राहिला. गरिबांचा लाभ अधिक व्हावा म्हणून चांदीचे माप धरावे, असा भारतात प्रचलित असलेला दंडक आहे.

हा दंडक वरवर दयेचा दिसतो; पण त्याची दुसरी बाजू तपासली पाहिजे. ज्याच्यापाशी निसाबाइतकी जादा संपत्ती आहे, त्याला जकात घेता येत नाही. समजा, एखाद्या विधवेपाशी लग्नातले दोन तोळे सोने आणि गाठीला थोडी रोकड आहे. नुसते सोने असते तर ते साडेसात तोळ्यांहून कमी म्हणून सुटले असते. पण रोकड जोडली गेली की दोहोंची किंमत एकत्र करून ती चांदीच्या मापाला लावली जाते. वरील भावाने तिची संपत्ती सव्वादोन लाखांवर जाते. म्हणजे तिने पाच-सहा हजार रुपये जकात द्यावी, आणि शेजारच्या सधन कारखानदाराची जकात तिला मात्र मिळू नये! देणाऱ्यांचे वर्तुळ वाढवताना घेणाऱ्यांच्या वर्तुळातून नेमका गरजू बाहेर फेकला जातो. यावर तोड परंपरेतच आहे. अबू हनीफांच्या दोन शिष्यांनी किंमत न जोडता प्रमाण जोडावे, असे मत दिले आहे: सोने त्याच्या निसाबाच्या कितवा हिस्सा आहे आणि रोकड वा चांदी तिच्या निसाबाच्या कितवा हिस्सा आहे, ते पाहून दोहोंची बेरीज एक भरली तरच जकात लागू करावी. या रीतीने दोन तोळे हा निसाबाच्या चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग ठरतो आणि ती विधवा देणेकऱ्यांतून सुटते. शास्त्र न सोडता न्याय साधण्याची वाट येथे उघडी आहे.

दोन हिशेब

तत्त्व उदाहरणाने स्पष्ट होते. एका शिक्षिकेपाशी ४० ग्रॅम सोन्याचे दागिने आहेत. भाव वरचाच धरला तर त्यांची किंमत ४ लाख रुपये. बँकेत दीड लाख, भावाला उसने दिलेले २० हजार. एकूण ५ लाख ७० हजार. पतपेढीचे देणे ३० हजार वजा केले की ५ लाख ४० हजार उरतात आणि त्यावर जकात १३ हजार ५०० रुपये होते. राहते घर, भांडीकुंडी, दुचाकी, पुस्तके यांवर काही नाही. सक्तीने कापला जाणारा भविष्यनिर्वाह निधी हाती येईपर्यंत त्यावर जकात नाही, असे भारतातील अनेक मुफ्तींचे मत आहे. बँकेचे व्याज हे मुळातच आपले धन नव्हे, म्हणून ते सगळेच्या सगळे पुण्याची अपेक्षा न ठेवता गरजूंना देऊन टाकावे. त्याची जकातीत गणना करू नये, असे सांगितले जाते.

ही जकात शिक्षिकेची आहे, तिच्या पतीची नव्हे. इस्लामी कायद्यात पत्नीची मालमत्ता वेगळी असते आणि तिचे दायित्वही वेगळे. पतीने तिच्या संमतीने ती भरली तर हरकत नाही. पण दागिने कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न घरोघरी वर्षातून एकदा तरी विचारला जातो, हे स्त्रीच्या मालकीहक्काच्या दृष्टीने लहान फलित नव्हे. येथे आणखी एक भेद आहे. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमान हनफी पंथाचे असले तरी कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आहेत. आणि शाफई मतानुसार स्त्रीच्या नित्य वापरातील दागिन्यांवर जकात नाही. वरील हिशेबातून दागिने वगळले आणि बाकी तसेच ठेवले तर जकात साडेतीन हजारांवर येते. एकाच राज्यात, एकाच धर्मात, मालेगावची शिक्षिका आणि रत्नागिरीची शिक्षिका यांची देणी अशी भिन्न असू शकतात. शिया पंथांत तर खुम्स म्हणजे पाचव्या हिश्शाची निराळी व्यवस्था आहे. धर्मशास्त्र एकसाची असते, हा समज यावरून तरी दूर व्हावा.

दुसरा हिशेब मालेगावच्या यंत्रमागवाल्याचा. उत्तर प्रदेशातून १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि दुष्काळांत आलेल्या मोमीन विणकरांनी मोसम आणि गिरणा नद्यांकाठचे हे गाव कापडाचे केंद्र केले. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८० हजार भरली. अशा एका कारखानदारापाशी ३ लाखांचे सूत, ४ लाखांचे विणलेले कापड, व्यापाऱ्यांकडून येणे अडीच लाख आणि रोकड १ लाख आहे. सुताच्या पेढीचे देणे साडेतीन लाख. निव्वळ रक्कम ७ लाख आणि जकात १७ हजार ५००. माग, शेड आणि राहते घर यांवर शून्य, कारण उत्पादनाची साधने जकातीतून मुक्त आहेत. पण तोच जर व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर विणत असेल, तर सूत आणि कापड दोन्ही व्यापाऱ्याचे. त्यांची जकात व्यापाऱ्याने द्यायची.

स्थावराची सूट

या रचनेतील आर्थिक तर्क चटकन ध्यानात येतो. जे धन पडून आहे त्यावर आकार, जे धन कामाला लागले त्याला सूट. पेटीतल्या नोटा दर वर्षी चाळिसाव्या हिश्शाने झिजतात; त्यांचा माग घेतला तर ती झीज थांबते आणि चार हातांना काम मिळते. भारत सरकारने निकोलस काल्डोर यांच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये संपत्तीकर आणला. चेलय्या समितीच्या सूचनेनुसार १९९३ पासून तो दागिने, शहरी जमीन, मोटारी अशा अनुत्पादक मालमत्तेपुरता ठेवला गेला. ठेवी आणि शेअर त्यातून सुटले. वर्षाला सुमारे एक हजार कोटी रुपयांचे उत्पन्न आणि वसुलीचा खटाटोप मोठा, म्हणून २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्दच करण्यात आला. ज्या कराला राज्यसत्तेनेही हात टेकले, तो एक समाज कसलाही निरीक्षक नसताना स्वतःहून भरतो, ही गोष्ट नजरेआड करण्याजोगी नाही.

तथापि तुलनेने एक उणीवही उघडी पडते. संपत्तीकराने शहरी जमीन धरली आणि ठेवी सोडल्या. जकात ठेवी धरते आणि जमीन सोडते. विक्रीच्या हेतूने घेतलेला भूखंड हा व्यापाराचा माल समजून त्याच्या बाजारभावावर जकात आहे. पण भाड्याने दिलेल्या दहा सदनिकांच्या मालकाला सदनिकांच्या किमतीवर काहीच द्यावे लागत नाही; भाड्यातून जी शिल्लक वर्षभर उरेल तेवढीच हिशेबात येते. ज्या काळी धन म्हणजे सोने, चांदी, गुरे आणि धान्य होते, त्या काळी ही विभागणी न्याय्य होती. आज नाशिकसारख्या वाढत्या शहरात धन सोन्याइतकेच सिमेंटमध्ये साठते. भूखंड 'विकण्यासाठी घेतला की मुलांसाठी', याचे उत्तर मालकाच्या मनात असते आणि ते सोयीनुसार बदलूही शकते. नोकरदाराची शिल्लक उघडी आणि जमीनदाराची झाकलेली, हे आयकरातले जुने दुखणे येथेही आहे.

द्यावी कोणाला?

जकातीचे मानकरी कुराणाच्या नवव्या अध्यायात सांगितले आहेत. ते आठ: निर्धन, गरजू, वसुलीचे काम करणारे, ज्यांची मने जोडायची ते, गुलामगिरीतून सोडवायचे ते, कर्जबाजारी, ईश्वरी कार्यात गुंतलेले आणि अडचणीत सापडलेला प्रवासी. आईवडील, मुले आणि पतिपत्नी यांना ती देता येत नाही, कारण त्यांना पोसणे हे तसेही कर्तव्यच आहे. गरीब भाऊबहिणींना मात्र देता येते, किंबहुना त्यांना आधी द्यावी. हनफी मतानुसार रक्कम गरिबाच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणून मशीद, रुग्णालयाची इमारत वा शिक्षकांचा पगार यांवर ती थेट खर्च करता येत नाही. रुग्णाला औषध किंवा विद्यार्थ्याला शुल्काची रक्कम देता येते.

हा नियम काटेकोर आहे आणि म्हणूनच त्यातून पळवाटाही निघाल्या. संस्थेला पैसा हवा असला की तो आधी एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या हाती नावापुरता द्यायचा आणि त्याने तो संस्थेला 'देणगी' म्हणून परत करायचा, या युक्तीला 'हीला' म्हणतात. कित्येक उलेमांनीही तिच्यावर टीका केली आहे. रमजानात पावतीपुस्तके घेऊन दूरदूरच्या मदरशांचे 'सफीर' मुंबई, मालेगाव, नाशिक येथे फिरतात. त्यांतले अनेक प्रामाणिक असतात. पण वसुलीवर टक्केवारी ठरलेली असली, तर शंभरातले किती रुपये गरिबापर्यंत पोचले, हे देणाऱ्याला कळत नाही.

याहून जवळचा प्रश्न मजुराचा आहे. यंत्रमागाच्या धंद्यात कामगाराने मालकाकडून उचल घेण्याची जुनी रीत आहे. ती फिटत नाही आणि कामगार त्याच मागाला बांधलेला राहतो. रमजान आला की, 'तुझी उचल माफ, तीच माझी जकात,' असे म्हणण्याचा मोह मालकाला होऊ शकतो. हनफी शास्त्राने तो मोडून काढला आहे. बुडीत येणे सोडून देणे म्हणजे जकात नव्हे. आधी रोख रक्कम कामगाराच्या हाती द्यावी, ती त्याच्या मालकीची व्हावी, मग त्याने हवे तर कर्ज फेडावे. त्याचप्रमाणे सणाची बक्षिसी कामाच्या मोबदल्यात दिली असेल, तर तीही जकातीत धरता येत नाही. मजुरी ही मजुरी, जकात ती जकात. कमी मजुरी देऊन वाचवलेल्या पैशातून जकात काढणाऱ्याने हक्काचे नाव घेऊन हक्कच बुडवलेला असतो.

नाकेदाराविना वसुली

मग वसुली आणि वाटप कोणी करावे? इस्लामच्या आरंभकाळात हे राज्याचे काम होते. पहिले खलिफा अबू बक्र यांनी जकात नाकारणाऱ्या टोळ्यांविरुद्ध शस्त्र उपसले. तिसरे खलिफा उस्मान यांच्या काळात रोकडीसारख्या अदृश्य धनाची जकात ज्याची त्याने काढावी, अशी मुभा मिळाली. आधुनिक काळात पाकिस्तानने १९८० मध्ये वटहुकूम काढून रमजानच्या पहिल्या दिवशी बचतखात्यांतून अडीच टक्के कापण्यास आरंभ केला. शिया पंथीयांनी इस्लामाबादेत मोठी निदर्शने केली आणि त्यांना सूट द्यावी लागली. रमजानच्या तोंडावर ठेवी काढून घेण्याची रीतही पडली. सक्ती आली की कर्तव्याची जागा चुकवेगिरी घेते, हा धडा त्यातून मिळतो. मलेशियात दिलेली जकात आयकरातून वजा मिळते. तेथे वसुली प्रांतिक धार्मिक मंडळांकडे आहे.

भारतात असे काही होणे नाही आणि होऊही नये. एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कोणालाही कर देण्याची सक्ती करता येणार नाही, असे संविधानाच्या २७ व्या अनुच्छेदात स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा जकात येथे सद्सद्विवेकावरच चालणार. पण ऐच्छिक म्हणजे बेहिशेबी नव्हे. दिल्लीत १९९७ मध्ये स्थापन झालेल्या झकात फाउंडेशन ऑफ इंडियाने संघटित जकातीतून विद्यार्थ्यांना स्पर्धा परीक्षांसाठी साहाय्य करण्याचा पायंडा पाडला. नाशिक किंवा मालेगावात मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या समित्यांना असे काही साधणे अशक्य नाही. सार्वजनिक न्यासाची नोंदणी आणि तपासलेले हिशेब यांची कायदेशीर चौकट १९५० पासून या राज्यात आहे. किती आले, किती कुटुंबांना गेले, वसुलीचा खर्च किती झाला, या तीन आकड्यांचा तक्ता ईदनंतर मशिदीच्या दारावर लागला, तर शंकेला जागा उरणार नाही. फुटकळ नोटा वाटण्यापेक्षा आठ मानकऱ्यांतील कर्जबाजाऱ्याला एकदाच ऋणमुक्त केले, तर तो पुढच्या वर्षी घेणाऱ्यांच्या रांगेत उभा राहणार नाही.

अर्थात जकातीकडून अवाजवी अपेक्षाही धरू नयेत. पिण्याचे पाणी, शाळा, दवाखाना आणि किमान वेतन ही शासनाची जबाबदारी आहे. एखाद्या समाजाच्या दानशूरतेकडे बोट दाखवून ती टाळता येणार नाही. परंतु आपल्या संपत्तीत दुसऱ्याचा हिस्सा आहे, तो मोजता येतो आणि तो ठरल्या वेळी द्यावाच लागतो, हा विचार कोणत्याही धर्माच्या सुशिक्षित माणसाला विचारात पाडणारा आहे. नाक्यावरची जकात चुकवण्यात पुष्कळांना एके काळी चातुर्य वाटत असे. ही जकात चुकवणाऱ्याला पकडणारा कोणी नाही. म्हणूनच तिचा हिशेब अधिक चोख असला पाहिजे.